लोकनियुक्त शेरीफ आणि त्याचें पेन्शन

‘शेरीफ’ हा शब्द मुंबईकर श्रोत्यांच्या कानांना नवा नाहीं. शहरांतील एखाद्या नामवंत गृहस्थाची एका वर्षापुरती या मानाच्या पदावर नेमणूक व्हावयाची, त्यानें थोर पाहुण्यांचें स्वागत करावयाचें, नागरिकांच्या सभा बोलवावयाच्या, आणि वर्ष सरलें कीं पद दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचें, अशी मुंबईची रीत. १९८० सालीं नट दिलीपकुमार यांना आणि १९९४ सालीं क्रिकेटपटु सुनील गावसकर यांना हा मान मिळाला होता. या शेरीफाला ना चोर पकडावयाचे, ना तुरुंग सांभाळावयाचा. मग त्याच्या पेन्शनचा प्रश्न तरी कोठून उत्पन्न व्हावा?

अमेरिकेंतील शेरीफाची गोष्ट अगदीं निराळी आहे. तेथील बहुतेक राज्यांत शेरीफ हा खराखुरा पोलीस अधिकारी असतो, आणि तोहि सरकारनें नेमलेला नव्हे, तर लोकांनीं मतें देऊन निवडलेला. एका बाजूनें पाहिलें तर तो पोलीस. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर लोकप्रतिनिधि. अशा दुहेरी स्वभावाच्या माणसाला म्हातारपणीं पेन्शन द्यावयाचें तें कोणत्या न्यायानें? पोलिसाच्या, कीं लोकप्रतिनिधीच्या? हा प्रश्न वरवर पाहतां दूरदेशचा आणि किरकोळ वाटेल. परंतु पेन्शनचे नियम बदलतांना कोणाला काय मिळतें, कोणाकडून काय हिरावलें जातें आणि दिलेल्या शब्दाची किंमत किती, हे सारे मुद्दे त्यांत येऊन जातात. म्हणून आज इलिनॉय या एका राज्याचें उदाहरण घेऊन तो उलगडून पाहूं.

शिकागो शहरामुळें इलिनॉयचें नांव आपल्याकडे परिचित आहे. या राज्याचे १०२ विभाग पाडलेले आहेत. त्यांना ‘काउंटी’ म्हणतात. आपल्याकडील जिल्हा आणि तालुका यांच्या दरम्यानची ही कांहीशी वस्तु आहे असें समजावें. प्रत्येक काउंटींत दर चार वर्षांनीं शेरीफाची निवडणूक होते. काउंटीचा तुरुंग चालविणें, न्यायालयाचा बंदोबस्त ठेवणें, समन्सें बजावणें, आणि नगरांच्या हद्दीबाहेर जो मुलूख उरतो त्यांत गस्त घालणें, हीं त्याचीं मुख्य कामें. त्याच्या हाताखालीं जे पोलीस असतात त्यांना ‘डेप्युटी’ म्हणतात. खुद्द शिकागो ज्या कुक काउंटींत आहे, तेथील पेन्शनची व्यवस्था स्वतंत्र आहे. ती बाजूला ठेवून आपण बाकीच्या १०१ काउंट्यांकडे पाहूं.

या काउंट्यांच्या नोकरांना पेन्शन देण्याचें काम ‘इलिनॉय म्युनिसिपल रिटायरमेंट फंड’ ही संस्था करते. १९३९ सालच्या कायद्यानें ती स्थापन झाली आणि १९४१ पासून तिचें काम सुरू झालें. पैसा तीन वाटांनीं येतो: नोकराच्या पगारांतून होणारी कपात, काउंटीनें घालावयाची भर, आणि या सर्व रकमेच्या गुंतवणुकीचें उत्पन्न. यांत एक गोष्ट नीट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक काउंटीचें खातें या फंडांत वेगळें असतें. आपल्या माणसांच्या पेन्शनचा बोजा त्या त्या काउंटीनेंच उचलावयाचा, आणि तो बव्हंशीं तेथील घरांवरच्या व जमिनींवरच्या करांतून उचलला जातो. म्हणजे शेरीफाला पेन्शन किती द्यावयाचें, हा प्रश्न अखेर तेथील शेतकऱ्याच्या आणि घरमालकाच्या दाराशीं येऊन उभा राहतो.

आतां हिशेब कसा होतो तें पाहूं. श्रोत्यांजवळ कागद-पेन्सिल असेल तर चार आंकडे टिपून घ्यावे. साध्या नोकराच्या नियमानुसार पहिल्या १५ वर्षांच्या सेवेबद्दल वर्षाला पगाराच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश टक्के, आणि पुढील प्रत्येक वर्षाबद्दल २ टक्के, अशा दरानें पेन्शन बसतें. २० वर्षें नोकरी केलेल्या कारकुनाला या दरानें पगाराच्या ३५ टक्के मिळतात.

पोलिसाचें काम मात्र कारकुनाच्या कामासारखें नाहीं. साठाव्या वर्षीं फायली चाळतां येतात. परंतु साठाव्या वर्षीं चोरामागें धांवतां येत नाहीं. शिवाय जिवाचा धोका असतोच. म्हणून शेरीफ व त्याचे डेप्युटी यांच्यासाठीं फंडांत एक वेगळी योजना आहे. तिच्यांत जुन्या नियमाप्रमाणें वयाच्या ५० व्या वर्षीं पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त होतां येई, आणि पेन्शनचा दर वर्षाला अडीच टक्के असे. २० वर्षांचे ५० टक्के झाले. अर्थात् नोकराची कपातहि अधिक: साध्या नोकराच्या पगारांतून साडेचार टक्के, तर शेरीफाच्या आणि डेप्युटीच्या पगारांतून साडेसात टक्के. परंतु या उदार दराला एक अट होती. या योजनेखालील सेवा निदान २० वर्षें झाली पाहिजे. ती न झाल्यास पेन्शनचा हिशेब साध्या नोकराच्या दरानें करावयाचा आणि जास्तीची कापलेली रक्कम परत द्यावयाची.

ही २० वर्षांची अट डेप्युटीला जड जात नाहीं. तो तरुणपणींच नोकरींत शिरतो आणि हळूहळू वर चढतो. समजा, एका डेप्युटीनें १६ वर्षें नोकरी केली, मग तो शेरीफाच्या जागेसाठीं उभा राहिला आणि लागोपाठ दोन निवडणुका जिंकून आठ वर्षें शेरीफ राहिला. त्याचीं २४ वर्षें भरलीं. अडीच टक्क्यांनीं ६० टक्के झाले. त्याची तक्रार असण्याचें कारण नाहीं.

पण दुसरा एक गृहस्थ घ्या. तो बाहेरून आलेला आहे. अन्यत्र आयुष्य घालवून वयाच्या ४८ व्या वर्षीं तो उमेदवार होतो, तीन वेळां निवडून येतो आणि १२ वर्षें शेरीफपद सांभाळतो. जबाबदारी तीच, धोका तोच, तुरुंगहि तोच. परंतु २० वर्षें भरलीं नाहींत म्हणून त्याचा हिशेब कारकुनाच्या दरानें होतो आणि साठाव्या वर्षीं त्याच्या पदरांत पगाराच्या अवघे २० टक्के पडतात. त्याला २० वर्षें भरावयाचीं तर पांच निवडणुका जिंकल्या पाहिजेत. कोणता विवेकी मनुष्य पांच निवडणुकांच्या भरंवशावर आपल्या वृद्धापकाळाची सोय लावील?

या अडचणीवर १९९७ सालीं एक उपाय निघाला. शेरीफ आणि काउंटीचे इतर लोकनियुक्त अधिकारी यांच्यासाठीं एक नवी योजना कायद्यानें निर्माण केली गेली. तिला आपण ‘लोकनियुक्तांची योजना’ म्हणूं. काउंटीच्या मंडळानें ठराव करून ती स्वीकारावयाची आणि मग ज्या अधिकाऱ्याची इच्छा असेल त्यानें तिच्यांत सामील व्हावयाचें. पेन्शनचा हक्क ८ वर्षांत, म्हणजे बरोबर दोन निवडणुकांच्या मुदतींत, आणि वयाच्या ५५ व्या वर्षीं प्राप्त होई. दर असा होता: पहिल्या ८ वर्षांबद्दल वर्षाला ३ टक्के, पुढील ४ वर्षांबद्दल ४ टक्के, आणि १२ वर्षांनंतर ५ टक्के. आपल्या बाहेरून आलेल्या शेरीफाचें पेन्शन या हिशेबानें २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलें. आणि जो २० वर्षें टिकला त्याला ८० टक्के. त्याच २० वर्षांबद्दल कारकुनाला ३५, डेप्युटीला ५०, आणि लोकनियुक्ताला ८० टक्के, अशी तीन पायऱ्यांची शिडी उभी राहिली.

उपाय करतांना माप चुकलें तें येथें. मूळ तक्रार अशी होती कीं थोड्या मुदतीच्या अधिकाऱ्याला पेन्शन फार कमी मिळतें. तिचें निवारण करावयाचें तर पहिल्या वर्षांचा दर वाढविणें पुरेसें होतें. येथें मात्र दर उत्तरोत्तर चढत गेला आणि सर्वांत मोठा लाभ, ज्याला गरज सर्वांत कमी, त्या दीर्घकाळ टिकलेल्या पुढाऱ्याला झाला. शिवाय ही योजना केवळ शेरीफापुरती नव्हती. ज्याला कधीं गस्त घालावी लागत नाहीं त्या मंडळाच्या सभासदालाहि तोच दर मिळूं लागला. धोक्याच्या कामाबद्दलचा मोबदला हें पोलिसाच्या वाढीव पेन्शनचें समर्थन होतें; तें समर्थन येथें गळून पडलें आणि केवळ निवडून येणें हेंच कारण उरलें.

याहून मोठी फट पेन्शनच्या दुसऱ्या अंगांत, म्हणजे पगाराच्या हिशेबांत होती. मूळच्या नियमांत अधिकाऱ्याचा सेवेच्या शेवटच्या दिवशीं जो वार्षिक पगार असेल तो धरून सर्व वर्षांचें पेन्शन काढीत. याचा परिणाम काय होईल पहा. एखादा गृहस्थ १६ वर्षें अल्प मानधनावर काउंटी मंडळाचा सभासद होता आणि शेवटचीं चार वर्षें मोठ्या पगाराच्या पदावर निवडून आला. त्याचीं सर्व २० वर्षें त्या मोठ्या पगारानें मोजलीं जात. त्यानें कपात दिली ती लहान पगारावर. पेन्शन घेतलें तें मोठ्या पगारावर. मधलें अंतर करदात्यानें भरून काढावयाचें. हा दोष उघड झाल्यावर २००० सालीं नियम बदलला. त्यानंतर सामील होणाऱ्यांच्या बाबतींत प्रत्येक पदाचा हिशेब वेगळा, प्रत्येक पदावर निदान ८ वर्षें, आणि शेवटच्या दिवसाऐवजीं ४८ महिन्यांच्या पगाराची सरासरी, असें ठरलें.

तथापि दुरुस्तीनें योजना फार काळ टिकली नाहीं. २००८ सालच्या आर्थिक पडझडींत सर्वच पेन्शन-फंडांच्या गुंतवणुकीला जबर धक्का बसला आणि खर्चाकडे कठोर नजरेनें पाहणें भाग पडलें. २०१० सालीं राज्याच्या कायदेमंडळानें नव्या नोकरांसाठीं निराळे नियम केले. १ जानेवारी २०११ रोजीं किंवा त्यानंतर जो प्रथमच सेवेंत येईल तो ‘दुसऱ्या श्रेणींत’ गणला जाऊं लागला. शेरीफ व डेप्युटी यांच्यापुरते मुख्य बदल असे: पूर्ण पेन्शनचें वय ५० वरून ५५ झालें, ४८ महिन्यांऐवजीं ९६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरूं लागले, आणि हिशेबांत घ्यावयाच्या वार्षिक पगारावर मर्यादा आली, जी २०११ सालीं १,०६,८०० डॉलर होती. त्यापाठोपाठ ८ ऑगस्ट २०११ रोजीं लोकनियुक्तांच्या योजनेचा दरवाजा नव्या माणसांना बंद करण्यांत आला. जे आंत होते ते आंत राहिले. बाहेरच्यांना प्रवेश उरला नाहीं.

यांत एक सुधारणाहि झाली, तिचा उल्लेख केला पाहिजे. दुसऱ्या श्रेणींतील शेरीफाला अडीच टक्क्यांचा दर मिळण्यासाठीं २० ऐवजीं १० वर्षें पुरेशीं ठरविलीं. आपला १२ वर्षांचा शेरीफ या नियमाखालीं आला असता तर त्याला ३० टक्के मिळाले असते. पहिल्या नियमानें २०, दुसऱ्यानें ४०, तिसऱ्यानें ३०. सेवा तीच, मनुष्य तोच. फरक केवळ तो केव्हां दाखल झाला याचा.

परंतु या १० वर्षांच्या आंकड्यांतच एक नवी अडचण दडलेली आहे. शेरीफाची मुदत चार वर्षांची. दोन मुदतींचीं ८ वर्षें होतात. जुन्या नियमांत ८ वर्षांचा आंकडा होता तो निवडणुकीच्या गतीशीं जुळत होता. १० चा आंकडा तिसऱ्या मुदतीच्या ऐन मध्यावर येऊन पडतो. ज्या शेरीफाची दुसरी कांहीं सार्वजनिक सेवा नाहीं आणि जो तिसऱ्या निवडणुकींत पडला, त्याला पेन्शन नाहीं. त्यानें स्वतः भरलेली रक्कम तेवढी परत मिळावयाची. साध्या नोकराला आणखी दोन वर्षें काढणें हा चिकाटीचा प्रश्न असतो. लोकनियुक्ताला तीं दोन वर्षें मिळविण्यासाठीं हजारों मतदारांची संमति लागते. म्हणजे एकच नियम दोघांना सारखा लावला असतां त्याचें फळ सारखें येत नाहीं. जो डेप्युटीच्या नोकरींतून वर आला त्याला १० वर्षांची फिकीर नाहीं. जो बाहेरून आला त्याच्या डोक्यावर ती सतत टांगलेली आहे. शेरीफ बाहेरचा असावा कीं खात्यांतला, याचा निर्णय मतदारानें करावयाचा. पण पेन्शनचा नियम नकळत खात्यांतल्या माणसाच्या पारड्यांत वजन टाकतो.

पुढें २०१६ सालीं आणखी एक बदल झाला. काउंटी मंडळाच्या ज्या सभासदांची निवड त्या वर्षींच्या २६ ऑगस्टनंतर प्रथमच होईल त्यांना या फंडांत येण्याची मनाई करण्यांत आली. सभासदांचें काम बहुधा अर्धवेळाचें असे, आणि पेन्शनसाठीं वर्षांतून ठराविक तास काम केल्याचें सांगावें लागे. तेवढे तास खरोखर भरतात काय, याविषयीं लोकांत शंका उत्पन्न झाली होती. शेरीफाला मात्र या मनाईचा स्पर्श झाला नाहीं. रात्रंदिवस जबाबदारी वाहणारा अधिकारी आणि महिन्यांतून कांहीं सभांना हजर राहणारा सभासद, यांतला भेद कायद्यानें शेवटीं मान्य केला. १९९७ सालीं दोघांना एका मापानें मोजलें होतें. तो घोटाळा निस्तरावयास जवळजवळ वीस वर्षें लागलीं.

आतां श्रोत्यांच्या मनांत असा प्रश्न आला असेल कीं प्रत्येक बदल नव्या माणसांपुरताच कां? जुनें पेन्शन जर अवास्तव होतें तर तें सरळ कमी कां केलें नाहीं? याचें उत्तर इलिनॉयच्या राज्यघटनेंत आहे. १९७० सालच्या त्या घटनेंत असें कलम आहे कीं सार्वजनिक पेन्शन-योजनेचें सभासदत्व हा एक करार आहे आणि त्या करारानें मिळणारे लाभ कमी करतां येणार नाहींत. २०१३ सालीं कायदेमंडळानें राज्याच्या कांहीं मोठ्या फंडांतील जुन्या सभासदांचेहि लाभ छाटणारा कायदा केला. तिजोरी संकटांत आहे, हें त्याचें समर्थन होतें. ८ मे २०१५ रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो कायदा रद्द ठरविला. आर्थिक संकट आलें म्हणून घटनेनें दिलेलें अभिवचन मोडतां येत नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा दंडक न्यायाचा खरा, पण फुकटचा नव्हे. एकाच कचेरींत, एकाच गाडींतून गस्त घालणारे दोघे डेप्युटी, एक डिसेंबर २०१० मध्यें लागलेला आणि दुसरा फेब्रुवारी २०११ मध्यें लागलेला, आयुष्यभर दोन निराळ्या नियमांखालीं राहतात. आपल्याकडील सरकारी नोकरांना हें दृश्य अपरिचित नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन-योजना लागू झाली नाहीं, आणि त्याच मागणीसाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यांत मोठा संप झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाद्वारें, असें सांगितलें कीं पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे. झालेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. निवृत्तीच्या केवळ तारखेवरून पेन्शनरांत भेद करणेंहि त्या खटल्यांत टिकलें नाहीं. तेथें प्रश्न एकाच योजनेखालीं निवृत्त झालेल्यांचा होता. इलिनॉयमध्यें प्रश्न नव्यानें येणाऱ्यांचा आहे. त्यामुळें दोन्ही ठिकाणचे निकाल परस्परांशीं विसंगत नाहींत. जो शब्द देऊन झाला तो पाळावयाचा. जो अजून दिलेला नाहीं तो विचार करून द्यावयाचा.

हक्क म्हटला कीं कर्तव्यहि ओघानेंच आलें. इलिनॉयच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं सेवेशीं संबंध असलेला गंभीर गुन्हा सिद्ध झाल्यास पेन्शनचा हक्क नष्ट होतो. शेरीफालाहि ती लागू आहे. राज्याचे माजी गव्हर्नर जॉर्ज रायन यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यांत २००६ सालीं दोषी ठरविण्यांत आलें. पुढें २०१० सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें सर्वच पेन्शन रद्द ठरविलें. ज्याच्या हातीं लोकांनीं विश्वासानें सत्ता दिली, त्यानें तो विश्वास विकला तर म्हातारपणच्या भाकरीवरहि त्याचा दावा राहत नाहीं, असा हा कठोर न्याय आहे.

या सर्व इतिहासांतून लोकनियुक्त पोलीस अधिकाऱ्याच्या पेन्शनविषयीं दोन कसोट्या निघतात. पहिली अशी कीं पेन्शन कामाच्या स्वरूपावरून ठरावें, निवडून येण्यावरून नव्हे. धोका, जबाबदारी आणि पूर्ण वेळ हीं वाढीव पेन्शनचीं कारणें होऊं शकतात. मतपेटी होऊं शकत नाहीं. दुसरी अशी कीं वर्षांची अट घालतांना निवडणुकीच्या मुदतीकडे पाहावें. आठ आणि दहा यांत कारकुनाला दोन वर्षांचें अंतर दिसतें. शेरीफाला एक आख्खी निवडणूक दिसते. या दोन्ही गोष्टींचा विचार उमेदवारानें अर्ज भरण्यापूर्वींच झालेला असावा, म्हणजे त्याला आपल्या भाकरीचा हिशेब कळतो आणि मतदाराला आपल्या कराचा. १९९७ च्या योजनेनें पहिली कसोटी सांभाळली नाहीं. २०११ च्या नियमांनीं दुसरीकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं. नियम पुन्हां बदलण्याची वेळ येईल तेव्हां, ज्यांना शब्द देऊन झाला आहे त्यांचा शब्द न मोडतां, या दोन्हींचा मेळ घालणें हें तेथील कायदेमंडळाचें काम आहे.